कोण बोलतंय, कुठून, कशासाठी

सुनंदाताईंच्या टेबलावर एक जुना काळा फोन होता. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात ज्याच्या त्याच्या टेबलावर दोन-दोन स्क्रीन, कानाला हेडफोन, आणि या बाईंपुढे हा फोन. नवीन असताना मी विचारलं होतं, “ताई, हा चालतो का?”

“चालत असता तर इतका शांत बसला असता का?” त्या स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या.

पुण्यातलं हे माझं पहिलं संभाषण म्हणता येईल असं संभाषण. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं आहे, देवांच्या तसबिरींपेक्षा थोडं वर. अशा घरातून आलेल्या माणसाला वाटतं की आपण शिकलो, आता जग आपल्याला ओळखेल. इथे जग सुनंदाताईंना ओळखत होतं, आणि त्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या.

मी त्यांचा फार हेवा केला. या लेखात मी त्यांच्याबद्दल चांगलंच लिहिणार आहे, पण ते लिहिणारा माणूस कोण हे वाचणाऱ्याला आधी कळलेलं बरं.

त्या कंपनीत लागल्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून. कंपनी लहान होती, बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्याकडे यायचा. त्या विचारायच्या, “कोण बोलतंय? कुठून? कशासाठी?” आणि मगच फोन आत जोडायच्या. जोडताना आतल्या माणसाला तिन्ही गोष्टी सांगायच्या. पुढे फोनची व्यवस्था स्वयंचलित झाली आणि त्यांची खुर्ची गेली. तेव्हाच्या प्रमुखांनी त्यांना सर्व्हरवर लक्ष ठेवायला बसवलं: एखादा सर्व्हर पडला की संबंधित इंजिनिअरला फोन करायचा, एवढंच काम. फोन करता करता त्या विचारू लागल्या, की पडला म्हणजे नेमकं काय झालं? मग, तुम्ही आत्ता काय टाइप केलंत? असं करत पंधरा वर्षांत त्या त्याच इंजिनिअरांच्या ओळीत येऊन बसल्या. तो काळा फोन त्यांच्या जुन्या टेलिफोन बोर्डावरचा.

फोन गेला तरी सवय गेली नव्हती. आमच्या टीममधल्या श्वेताला, म्हणजे सगळ्यांत नव्या मुलीला, त्या एकदा मॅनेजर राजेश सरांकडे पाठवत होत्या.

“जा आणि विचार, दुसरा सर्व्हर बंद करू का.”

श्वेता निघाली.

“थांब. गेल्यावर काय सांगशील?”

“सर, दुसरा सर्व्हर बंद करू का?”

“मग ते म्हणतील, कोणता दुसरा? तू परत येशील. मग म्हणतील, कोणी सांगितलं? पुन्हा परत येशील. तुला चालायची हौस असेल तर खाली बाग आहे. सांग, सुनंदानं पाठवलंय, चाचणीच्या सेटअपमधला दुसरा सर्व्हर, जागा हवी आहे म्हणून बंद करायचा आहे. मग त्यांना ‘हो’ म्हणण्यावाचून काही काम उरणार नाही.”

श्वेता दोन मिनिटांत ‘हो’ घेऊन आली. आदल्या आठवड्यात याच कामासाठी मी मोठी ईमेल लिहिली होती, तिचं उत्तर अजून आलेलं नव्हतं.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. ग्राहकांचे सर्व्हर उभारणं, बदलणं आणि गरज संपली की पाडणं, हे आम्ही हाताने करत नाही. एका टूलला कमांड देतो. मुख्य कमांड तीन. ‘प्लॅन’ म्हणजे काय बदल होईल ते नुसतं दाखव. ‘अप्लाय’ म्हणजे तो बदल खरोखर कर. ‘डिस्ट्रॉय’ म्हणजे सगळं पाडून टाक. प्रत्येक कमांडच्या आधी किंवा नंतर आपली एखादी छोटी स्क्रिप्ट आपोआप चालावी अशी सोय असते. तिला हूक म्हणतात. हूक निरोप्यासारखा असतो, हाक मारली की धावत येतो. पण आपल्याला ‘प्लॅन’मुळे बोलावलंय की ‘डिस्ट्रॉय’मुळे, हे आमच्याकडच्या टूलमध्ये त्याला कळत नसे. ते कोणीतरी त्याच्या हातात द्यावं लागे.

हे द्यायची पद्धत आमच्याकडे सुनंदाताईंनी पाडली. त्यांनी टूलच्या मांडणीत अशी व्यवस्था केली की हूकला हाक मारताना तीन गोष्टी सोबत जातील: कोणती कमांड चालली, कोणत्या फोल्डरमधून, कोणी चालवली. आणि प्रत्येक हूकच्या डोक्यावर तीन ओळी घातल्या. तिन्हींपैकी एखादी गोष्ट आली नसेल तर हूक काहीही न करता थांबायचा आणि स्क्रीनवर छापायचा, ‘कोण बोलतंय?’

तेही मराठीत, फक्त इंग्रजी अक्षरांत. राजेश सर म्हणाले, “ताई, हे ग्राहकाला दिसलं तर?”

“दिसलं तर विचारेल. विचारावं म्हणूनच छापलंय.”

ते खरंच दिसलं. परदेशातल्या ग्राहकाने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, याचा अर्थ काय? मी घसा साफ केला. हूकच्या रचनेवर मी चाळीस पानांचा दस्तऐवज लिहिला होता, आकृत्यांसकट, आणि तो मांडायची हीच संधी होती. तेवढ्यात ताई त्यांच्या सरळ, तुटक इंग्रजीत म्हणाल्या, की मी पूर्वी फोनवर होते, कोण बोलतंय ते न विचारता मी कधी कोणाचा फोन आत दिला नाही, हा हूकही देत नाही. तो माणूस आधी हसला, मग म्हणाला, हे आमच्या सगळ्या टीमना शिकवा. पुढच्या प्रत्येक मीटिंगची सुरुवात तो “कोण बोलतंय?” अशी करायचा, अत्यंत वाईट उच्चारात, आणि सगळे खूष व्हायचे. माझ्या चाळीस पानांना ‘धन्यवाद’ असं एका शब्दाचं उत्तर आलं.

त्या दिवसांत मी एक गोष्ट केली, जी सांगायला आजही लाज वाटते. दिवसभरात ताईंच्या टेबलाशी किती लोक येतात ते मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजलं. चौदा. माझ्या टेबलाशी तीन आले. त्यांतल्या दोघांनी विचारलं, “ताई कुठे गेल्यात?”

पण सगळ्यांत जास्त जळलो तो वडील आले तेव्हा.

वडील पहिल्यांदाच पुण्याला आले होते. मुलगा नेमकं करतो काय, हे त्यांना पाहायचं होतं. मी त्यांना ऑफिसात घेऊन गेलो. काचेच्या दारातून आत येताना त्यांनी चपला काढायला सुरुवात केली आणि मी घाईने त्यांचा दंड धरला. कोणी पाहिलं तर, असं माझ्या मनात आलं. ते ताईंनी पाहिलं. त्या उठून आल्या.

“नमस्कार. मी सुनंदा. आपण वानखडेंचे वडील ना? या.”

त्या त्यांना टेबलाटेबलाशी घेऊन गेल्या. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य: “हे वानखडेंचे वडील, वाशीमकडून आलेत, मुलाचं काम बघायला.” लोक उठून उभे राहत होते. मी एकट्याने नेलं असतं तर ‘माझे फादर’ एवढं पुटपुटून पुढे सरकलो असतो.

मग वडिलांनी त्यांना विचारलं, “बाई, तुमचं काम काय हाय?”

चार वर्षं मी फोनवर त्यांना क्लाउड, सर्व्हर, ऑटोमेशन समजावत होतो. ते “बरं बरं” म्हणायचे. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “आपण शाळेत नोटीस घेऊन वर्गावर जाता. गेल्यावर आधी काय सांगता?”

“कोणी पाठवली ते. हेडसरांची हाय की ऑफिसातली. नाहीतर गुरुजी म्हनतात, ठेव तिकडे.”

“आणि कशाची आहे ते?”

“ते तं सांगाच लागते. उद्या सुट्टी हाय म्हनून पोरं आजच पळाले तं?”

“झालं. इथं नोटीस नेणारं माणूस नाही, मशीन आहे. त्याला हे सांगायची अक्कल नाही. ती आम्ही देतो. मी देते, तुमचा मुलगाही देतो.”

वडील माझ्याकडे वळले. चेहरा उजळलेला. “अरे, हे तं आपलंच काम हाय गा!”

मी हसलो, पण आतून कडू झालो होतो. माझ्या बापाला माझं काम माझ्याकडून कळायला हवं होतं. तेव्हापासून दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असे, “त्या बाई कशा हायेत?” दुसरा माझ्याबद्दल.

पुढे टीम लीडची जागा मोकळी होणार असं कळलं. नावं दोनच होती, ताईंचं आणि माझं. मला ती जागा हवी होती. का, ते मी स्वतःला बरंच उदात्त करून सांगत असे: घरातला पहिला पदवीधर, गावाचं नाव, वडिलांचा आनंद. खरं कारण एवढंच की एकदा तरी लोकांनी त्यांच्या टेबलावरून उठून माझ्या टेबलाशी यावं.

त्याच सुमारास मी एक हूक लिहिला. एखादा सेटअप पाडला की त्याची नावं पत्त्यांच्या यादीतून काढायची असतात. ती राहिली तर लोक त्या नावाने येतात आणि तिथे काहीच नसतं. माझा हूक कमांड संपल्यावर चालायचा आणि ही नावं काढायचा. काम चांगलं होतं. ताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “छान आहे. वरच्या तीन ओळी घाला. ‘डिस्ट्रॉय’ असेल तरच हात लावायचा.”

मी घातल्या. दोन दिवसांनी काढून टाकल्या.

त्या ओळी डोक्यावर असल्या की तो हूक त्यांचा दिसायचा. ऑफिसात सगळ्याच हूकना ‘ताईंचे हूक’ म्हणत. मला माझा हूक माझा हवा होता, आणि अधिक हुशार हवा होता. कोणी सांगायची गरज काय, तो स्वतः ओळखेल. मी त्याला शिकवलं: कमांड संपली की सर्व्हरना हाक मार. कोणीच उत्तर दिलं नाही तर समज, सेटअप पाडला आहे, नावं काढ. तीन आठवडे तो उत्तम चालला. मी मनातल्या मनात बक्षीस घेत होतो.

मग एका सोमवारी सकाळी अकरा वाजता श्वेताने एका ग्राहकाच्या चालू सेटअपवर ‘प्लॅन’ दिला. म्हणजे नुसतं पाहिलं. त्या वेळी नेटवर्क मंद होतं. माझ्या हूकने सर्व्हरना हाक मारली, वेळेत उत्तर आलं नाही, आणि त्याने ठरवलं की सगळं पाडलेलं आहे. त्याने नावं काढली. ती साइट दवाखान्यांच्या भेटीची वेळ ठरवण्याची होती. सर्व्हर सगळे धडधाकट, पण त्यांच्यापर्यंत जायचा पत्ताच पुसलेला. दवाखान्यांच्या दारात माणसं ताटकळली, आमच्याकडे फोनवर फोन आले.

श्वेता रडत होती. “ताई, मी काही नाही केलं. मी फक्त प्लॅन दिला.”

“मग तू काही नाही केलंस. बघितल्यानं काही पडत नाही. डोळे पूस आणि पाणी पी.”

राजेश सर धावत आले. “हूकनं केलंय का? ताई, तुमचाच ना हा?”

सगळे हूक ताईंचे. मला इतके दिवस बोचणारी ती समजूत त्या क्षणी माझ्या उपयोगी पडली. मी तोंड उघडलं नाही.

ताईंनी हूक उघडला. कोणत्या दिवशी कोणी काय बदललं याची नोंद शेजारीच दिसते. माझं नाव तिथे होतं, काढलेल्या तीन ओळींच्या बाजूला. त्या एवढंच म्हणाल्या, “आधी पत्ते परत लावू. वानखडे, बसा. मी सांगते, तुम्ही टाइप करा.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. माझी बोटं चुकत होती आणि त्या न चिडता चुकलेलं अक्षर सांगत होत्या. तासाभरात साइट उभी राहिली.

दुपारच्या मीटिंगमध्ये राजेश सरांनी पुन्हा विचारलं, “नेमकं कोणाचं चुकलं?”

ताई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त थांबल्या. फोन जोडण्याआधी समोरच्याने नाव सांगावं म्हणून ऑपरेटर थांबते, तेवढ्याच. ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो.

“हूकला संदर्भ दिलेला नव्हता,” त्या म्हणाल्या. “आता दिलाय.”

राजेश सरांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला: चूक ताईंची. महिन्याभराने मी टीम लीड झालो. वडिलांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं. फोनवर पहिला प्रश्न तोच: “त्या बाईंना आनंद झाला असन?” मी म्हणालो, “हो.” आणि खोटं नव्हतं ते. त्यांनी डब्यातून शिरा आणला होता.

पाचेक महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. कारण विचारलं तर म्हणाल्या, “वाघोली ते हिंजवडी. जाऊन-येऊन रोज चार तास बसमध्ये बसते. इतका वेळ मी नवऱ्याच्या शेजारीही बसलेली नाही.” खरं कारण तेच असेल. मला मात्र माझं कारण त्यात दिसत राहिलं.

जाताना त्यांनी मला हूकची यादी दिली. लीड म्हणून ती माझ्याकडेच यायची होती. प्रत्येक हूकपुढे लिहिलेलं: कोण बोलावतं, कुठून, कशासाठी. माझ्या हूकपुढे एक ओळ जास्त होती: ‘वरच्या तीन ओळी काढल्या गेल्या होत्या. परत घातल्या आहेत.’ कोणी काढल्या, ते नाही. सगळ्या यादीत तेवढ्याच एका ठिकाणी त्यांनी ‘कोण’ लिहिलं नव्हतं. काळा फोन पिशवीत घालून त्या घेऊन गेल्या.

लोक माझ्या टेबलाशी येऊ लागले. विचारायचे, “ताई असत्या तर त्यांनी हे कसं केलं असतं?”

वर्षभर मी ते ऐकलं. मग एका रविवारी वाघोलीला गेलो.

नगर रस्त्यावर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी क्लास काढला होता. आमच्याच कामाचा, आसपासच्या कॉलेजांतल्या मुलांसाठी. बरीच मुलं माझ्यासारखी, बाहेरगावची. बाहेरच्या टेबलाशी एक मुलगी बसली होती आणि तिच्यापुढे तो काळा फोन. तिने माझ्याकडे एक चिठ्ठी सरकवली. नाव. कुठून. कशासाठी. मी पहिले दोन रकाने भरले. तिसऱ्यात लिहिलं, ‘सहज’.

ती चिठ्ठी घेऊन आत गेली. थोड्या वेळाने ताई स्वतः बाहेर आल्या, चष्मा गळ्यातल्या दोरीला, हातात चिठ्ठी.

“अहो वानखडे, हिंजवडीहून वाघोलीला सहज कोणी येतं का? नीट भरा.”

आणि कोरी चिठ्ठी पुढे ठेवून उभ्या राहिल्या. तशाच थांबल्या, त्या मीटिंगमध्ये थांबल्या होत्या तशा. मी लिहिलं, ‘त्या सोमवारचा हूक माझा होता. ओळी मी काढल्या होत्या. हे सांगायला.’

त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“दीड वर्ष,” त्या म्हणाल्या. “ट्रॅफिक होतं वाटतं.”

मी माफीचं काहीतरी बोलू लागलो, त्यांनी हाताने थांबवलं.

“मला कशाला सांगता? मला त्याच दिवशी माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगा. वडील कसे आहेत?”

“बरे आहेत. तुमची विचारपूस करतात. दर रविवारी.”

“आज रविवारच आहे. सांगा, भेटलात म्हणून. आणि कशासाठी भेटलात तेही सांगा.”

राजेश सरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, वडिलांना त्याच संध्याकाळी. दोघांपैकी वडिलांना सांगणं जड गेलं. पुढे माझ्या जागेचं काय झालं तो या लेखाचा विषय नाही.

त्या रविवारी एवढं बोलून ताई आत गेल्या. दारापाशीच एक तार होती, तिच्यात दिवसभराच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. फी विचारायला आलेले, बॅचची वेळ विचारायला आलेले. त्यांनी माझी चिठ्ठी त्यांच्यातच टोचली, वर नाही की वेगळी नाही. काचेतून मला फळा दिसत होता आणि त्यावर तीन ओळी. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्या काही बोलल्या, आणि तो मुलगा उभा राहून आधी आपलं नाव सांगू लागला, मग गावाचं. ताई मान किंचित कलती करून ऐकत होत्या. कानाशी रिसीव्हर धरल्यासारखी त्यांची ती जुनी सवय.

मी जिना उतरलो तेव्हा मला हेवा वाटत होता. या वेळी ताईंचा नाही, त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा.